डावीकडची सीट

डाव्या आरशाच्या कडेला चुन्याचा ओरखडा होता. करंगळीएवढा लांब, पुढच्या बाजूला रुंद आणि मागे जाताना निमुळता झालेला. सुटलेल्या रंगाचे बारीक पापुद्रे मागच्या दिशेला वळले होते. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले आणि थांबले.

"काय बघतेस?" जयपाल म्हणाले. ते बोनेटपाशी पाण्याचा पाइप धरून उभे होते.

"आरशाला लागलंय."

"हां, ते होय. गुरुवारी बँकेपाशी उभी केली होती. कोणतरी मागून येऊन घासून गेला. डोळे मिटून चालवतात लोकं."

मी नुसतं 'हं' म्हटलं.

माझं शिक्षण धातुशास्त्राचं. शिरोलीच्या एमआयडीसीत आमची फाउंड्री होती आणि तिथली प्रयोगशाळा मी सांभाळत असे. तुटलेला तुकडा हातात घ्यायचा आणि तडा कुठून सुरू झाला, कोणत्या दिशेने गेला, हे सांगायचं, असं ते काम. उभ्या गाडीला कोणी मागून घासून गेलं, तर ओरखडा मागून पुढे जातो. हा पुढून मागे गेला होता. शिवाय चुना भिंतीला असतो, वाहनाला नसतो. म्हणजे भिंत जागेवर होती आणि चालत होती ती आमची गाडी.

मी फडकं फिरवलं. चुना निघाला, ओरखडा राहिला.

"आटप आता," जयपाल पाइप गुंडाळत म्हणाले. "इंगवल्यांना दहाची वेळ दिलीय. आणि तुझी ती हत्यारं घे बरोबर."

हत्यारं म्हणजे फडक्यात बांधलेलं लोहचुंबक, रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणि एक बॅटरी. त्या हिवाळ्यात आमचे सगळे रविवार या हत्यारांसकट जुन्या गाड्या बघण्यात चालले होते.

आमची स्वतःची गाडी होती पांढरी एस्टीम. कंपनीतून आली तेव्हा चारचौघींसारखी होती. मग जयपालनी तिचं एकेक बदलायला घेतलं. इंजिनचं डोकं आमच्याच फाउंड्रीत उतरवून घासून आणलं. स्प्रिंगा बदलल्या, सायलेन्सर बदलला, मागची सीट काढून तिथे, गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून, लोखंडी पिंजरा बसवला. वजन वाचावं म्हणून ड्रायव्हरच्या सीटचे रूळही काढून टाकले आणि ती सीट आपल्या पायांच्या मापाने बोल्ट मारून जमिनीला पक्की केली. जयपाल सहा फुटांच्या आसपास, मी त्यांच्या खांद्याच्याही खाली. क्लचपर्यंत माझा पाय पोचत नसे. चालवायला मी लग्नाआधी शिकले होते, पण पोचायची गरज कधी पडली नाही. माझी जागा डावीकडे होती.

त्या गाडीतून आम्ही बरीच वर्षं रॅली केल्या. नाशिक, कूर्ग, चिकमगळूर. जयपाल चालवायचे, मी नेव्हिगेटर. आदल्या दिवशी त्या रस्त्यावरून हळू फिरून प्रत्येक वळण लिहून काढायचं आणि शर्यतीत, वळण दिसायच्या आधी, ते वाचून दाखवायचं. सगळे इंग्रजीत वाचत, आम्ही आमची भाषा केली होती. 'डावं तीन, आवळतं.' 'उजवं पाच, लांब, पुढे चढ, आंधळा.' आकडा जितका लहान तितकं वळण तीव्र, आणि 'आवळतं' म्हणजे पुढे आणखी तीव्र होणारं. मी वाचायची आणि ते जिथे अजून काही दिसत नव्हतं तिथे गाडी फेकायचे. घरी मी त्यांना अहो-जाहो करायची. गाडीत तेवढा वेळ नसे. 'दाब', 'सोड', 'थांब', 'मार ब्रेक', असा सगळा एकेरी कारभार. मेकॅनिक लोक हसायचे. त्यांच्यातला एक म्हणायचा, "बायकोचं ऐकणारा मानूस कोल्हापुरात हा एकच, आन् ते बी शंभरच्या स्पीडला."

आमचा नियम एकच होता, तोही पहिल्याच रॅलीत ठरलेला. सगळंच सांगत बसलं तर वेळ पुरत नाही. म्हणून जे अडचणीचं तेवढंच सांगायचं. मी गप्प असले, म्हणजे पुढे रस्ता मोकळा.

रॅली सुटल्या तरी गाडी सुटली नाही. लेकीचं लग्न झालं, ती मेलबर्नला गेली, आणि एस्टीम रविवारची झाली. मग मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी जयपालना काचबिंदू असल्याचं सांगितलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने कागदावर दोन वर्तुळं काढून आम्हाला समजावलं. मधलं स्वच्छ दिसतं. जातं ते कडेचं, आणि यांचं डाव्या बाजूचं जास्त गेलंय. "गंमत अशी," तो म्हणाला, "की गेलेला भाग काळा दिसत नाही. मेंदू तिथे आजूबाजूचं भरून टाकतो. त्यामुळे पेशंटला वाटतं, सगळं दिसतंय." औषधाने आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. उठताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडी चालवायचं काय, ते दोघांनी मिळून ठरवा. पण ठरवा."

बाहेर फुटपाथवर आलो. जयपालनी खिशातून किल्ली काढली, बोटात फिरवली आणि विचारलं, "मग? काय म्हणतेस?"

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेचा निकाल दुसऱ्याने वाचावा म्हणून पोरं बघतात, तसे ते बघत होते. माझ्याकडे वाक्य तयार होतं. ते मी बोलले नाही. जयपालनी क्षणभर वाट पाहिली आणि दार उघडलं. येताना हातकणंगल्याच्या अलीकडे एक ट्रॅक्टर डावीकडून रस्त्यावर चढत होता. "डावीकडे ट्रॅक्टर," मी म्हणाले. "दिसतोय गं," ते म्हणाले, आणि मग त्यांनी ब्रेक दाबला.

तेव्हापासून मी पुन्हा नोट्स वाचायला लागले. डावीकडे सायकल. डावीकडे म्हैस. उजवं चार, पुढे शाळा. त्यांनी कधी 'का सांगतेस' म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, जुनी सवय.

पुढे एस्टीमलाही वय झालं. पुढच्या सस्पेन्शनच्या वेल्डिंगला एक केसाएवढी चीर गेलेली मला दिसली. मी ती त्याच दिवशी जयपालना बॅटरी मारून दाखवली आणि स्पष्ट सांगितलं, हा सांगाडा थकलाय, यावर आता जोर द्यायचा नाही, दुसरी गाडी बघा. गाडीचं सांगायला मला जराही वेळ लागला नाही.

जयपालना वाईट वाटलं, पण आठवड्याभरात ते नव्या नादाला लागले. घ्यायची तर आता स्पोर्ट्स कारच. नवी परवडायची नाही, म्हणून वापरलेली. पुण्याला एक गाडी बघितली. तिचं स्टिअरिंग त्यांना 'मेल्यासारखं' वाटलं. मुंबईची एक दिसायला देखणी होती, पण माझं चुंबक तिच्या डाव्या दाराला चिकटेना, आत बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. सांगलीच्या एका गाडीचं सगळं बरं होतं, तर हे म्हणाले, "मागच्या सीटा कशाला? कोण बसणार? आपण दोघंच की."

दोन सीटांची गाडी ही कल्पना मला पटली होती, पण त्यांच्या कारणासाठी नाही. तिच्यात उजवीकडे ते असले, की डावीकडे मीच असणार होते.

* * *

इंगवल्यांचं फार्महाऊस पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळ सोडून आत गेलेल्या एका अरुंद डांबरी रस्त्यावर होतं. ऊसतोड जोरात होती. मी सांगत होते आणि जयपाल 'दिसतंय, दिसतंय' म्हणत चालवत होते. आतल्या रस्त्याला लागल्यावर मी मनातल्या मनात तो परत येताना लागेल तसा, उलट्या क्रमाने लिहून घेतला. हे काही मुद्दाम नाही, मला तसंच बघता येतं. उजवं तीन, विहीर. सरळ. डावं चार, आवळतं, बांधाला गवत. पूल, अरुंद.

धैर्यशील इंगवले चाळिशीचा, मोकळा माणूस. फाटकातच उभा होता.

"या या, मगदूम साहेब. नमस्कार वहिनी. एस्टीमचा आवाज फाट्यापासनं ऐकतोय. नाद खुळा काम केलंय हो. ही विकणार आहात होय?"

"हिला कोण घेतंय," जयपाल म्हणाले.

"मी घेतो की. द्या ही आणि घेऊन जा ती. सुटलो."

"लई हुशार आहात."

हसत हसत आम्ही मागच्या शेडमध्ये गेलो. त्याने कापड ओढलं. गडद निळ्या रंगाची झेड-फोर, दोन सीटांची, छप्पर मागे दुमडून जाणारी. बसक्या बांध्याची, लांब नाकाची. त्याच्या मोठ्या भावाने हौसेने आणलेली. भाऊ दुबईला स्थायिक झाला आणि याला कारखान्याच्या राजकारणातून वेळ मिळेना.  जयपालनी बोनेटवरून तळहात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

मी चुंबक काढलं.

"वहिनी, लॅबच आणलीय काय?" इंगवले म्हणाला.

"सवय आहे."

"लग्नाआधी साहेबांना पण लावलं होतं काय हे?"

"नाही. तिथेच चूक झाली."

जयपाल खो खो हसले. शेडच्या बाहेर इंगवल्याची आई बाजेवर शेंगा फोडत बसली होती, तीही हसली. मी दारं तपासली, खालून वाकून बॅटरी मारली, तेलाचा थेंब बोटांत चोळून बघितला. त्यात धातूच्या चुऱ्याचा कण लागला नाही. रंग सगळीकडे एका जाडीचा होता. गाडी सरळ होती. इतक्या रविवारांमध्ये पहिल्यांदा माझ्याकडे नाही म्हणायला काही नव्हतं.

"जरा बसून बघ," जयपाल मला म्हणाले.

मी वळसा घालून डावीकडे जायला लागले.

"तिकडे नाही. इकडे." त्यांनी उजवं दार उघडून धरलं होतं.

"मी कशाला?"

"अगं बस तर. खालची ती पट्टी ओढ."

मी बसले आणि पट्टी ओढली. सीट आवाज न करता पुढे सरकली. पाय क्लचवर टेकला, पूर्ण खाली गेला, आणि गुडघ्यात अजून थोडा बाक शिल्लक राहिला. मी गिअरवर हात ठेवला. इथून पुढचा रस्ता कसा दिसत असेल, याचा मी इतक्या वर्षांत विचार केला नव्हता. त्या क्षणी केला.

"शोभतेस की," जयपाल म्हणाले. "मी नसेन तेव्हा चालव."

"काहीतरीच बोलू नका." मी उतरले. त्या सीटवर मी बसले ते तेवढंच. त्यांना नक्की काय म्हणायचं होतं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. ज्यांचं उत्तर फक्त त्या जागी मिळतं, असे काही प्रश्न असतात.

"चला, एक चक्कर मारून येऊ," जयपाल सीट पुन्हा मागे लोटत म्हणाले.

"हो, हो," इंगवले म्हणाला. "फक्त एक आहे साहेब, राग मानू नका. मी शेजारी बसणार. मागं एकजण एकटाच घेऊन गेला, तो जोतिबाला नवस फेडून संध्याकाळी आला."

"बसा की. त्यात काय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन सीटा. उजवीकडे जयपाल, डावीकडे इंगवले.

"आज नको," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"नको म्हणजे?" जयपाल म्हणाले.

"आज रस्त्याला उसाच्या गाड्या आहेत. सकाळी लवकर येऊ एकदा."

"अगं, आलोय की आपण. पन्हाळ्याला निघालो नाही, पुलापर्यंत जाऊन येतो."

"मग मी येते. इंगवलेसाहेब थांबतील इथे."

"त्रिशला," ते हसत म्हणाले, पण आवाज खाली आला होता, "माणसाची गाडी आहे. त्याने अट घातली, ती बरोबर आहे."

इंगवले संकोचला. "वहिनी, काळजी करू नका. साहेबांच्या हातात गाडी देताना मलाच काळजी नाही."

एक वाक्य. तेच, मिरजेचं. ते मला या परक्या माणसासमोर आणि शेंगा फोडणाऱ्या बाईसमोर बोलायचं होतं, आणि ते तिथे कसं बोलावं हे मला सुचेना. जयपालनी एस्टीमची किल्ली माझ्या हातात दिली आणि आत बसले. मी त्यांच्या खिडकीशी वाकले.

"उजवं तीन, विहीर," मी हळू म्हणाले. "मग सरळ. मग डावं चार, आवळतं, बांधाला गवत आहे. हळू घ्या."

"रॅली आहे का ही?" त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "दिसतंय मला."

गाडी फाटकातून बाहेर पडली.

* * *

"बसा की," इंगवल्याची आई म्हणाली. "शेंगा खावा. भाजल्याती."

मी तिच्याजवळ खुर्चीत बसले. आवाज ऐकू येत होता. पहिला गिअर, दुसरा. विहिरीपाशी आवाज पडला, म्हणजे उजवं तीन नीट घेतलं. मग सरळ, तिसरा गिअर, आणि गाडी खुलली. चालवणारा खूश आहे हे गाडीच्या आवाजात कळतं. जयपाल खूश होते.

"मालक लई हौशी दिसत्यात," बाई म्हणाली.

"हो."

"आमच्या थोरल्याचं पण तसंच. गाडी म्हटलं की भूक लागायची न्हाई त्याला. आता तिकडं वाळवंटात काय करतोय कुणास ठाऊक."

आता डावं चार. आवाज पडायला हवा होता. पडला नाही. मी उठून उभी राहिले. मग टायर घासल्याचा आवाज आला, आखूड, आणि त्यानंतर पत्र्याचा डबा पडल्यासारखा एक आवाज. मग काहीच नाही.

मी त्या शांततेत कान लावून उभी राहिले. इंजिन पुन्हा सुरू झालं नाही.

"काय पडलं गं बाई?" ती म्हणाली.

"आई, ती उशी द्या." तिने पाठीमागची उशी काढून दिली. मी पळत एस्टीमकडे गेले, उशी सीटच्या पाठीला लावली आणि बसले. तरी चवडा पुरता टेकेना, नुसत्या बोटांनी क्लच दाबावा लागत होता. तो किती जड आहे हे मला ठाऊक नव्हतं. गाडी दोन झटके देऊन बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली. माझ्या माणसाची गाडी, तिचा प्रत्येक बोल्ट मला पाठ, आणि ती मी चालवत होते ते पहिल्यांदा.

उजवं तीन, विहीर. सरळ. मी मोठ्याने म्हणत होते. ऐकायला मीच होते.

वळणाच्या थोडं पुढे झेड-फोर उभी होती. डावं चाक गटारीत, डावा दिवा फुटलेला. रस्त्यावर दूध पसरलं होतं, आणि डांबरावर ते खूप पांढरं दिसत होतं. एक सायकल बांधाला आडवी. तिच्यापासून हातभर अंतरावर पटका बांधलेला एक म्हातारा कोपर धरून बसला होता. तो बोलत होता. 

"आवं, डोळं गहाण टाकल्यात काय?" तो जयपालना म्हणत होता. "घंटी वाजवतूय, हात हलवतूय, आन् गाडी आपली सरळ अंगावर! मानूस हाय का मका हाय मी? उडी टाकली म्हणून वाचलो, न्हाईतर म्हातारीनं कुंकू कुठं पुसायचं?"

"चुकलं माझं," जयपाल म्हणाले.

"चुकलं काय चुकलं! इतकी मोठी सायकल, दोन कॅन, तांबडा पटका. आंधळ्याला बी दिसंल!"

मी त्याचं कोपर बघितलं. सोललं होतं, हाड शाबूत होतं. एस्टीममधल्या पेटीतलं औषध लावून पट्टी बांधली. तो माझ्याशी एकदम मऊ झाला. "तुमी मालकीण काय? समजावून सांगा जरा मालकास्नी. वय झालंय."

इंगवले फोनवरून माणसं बोलवत होता. तो गाडीच्या दिव्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. फोन झाल्यावर माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, म्हातारा केवढ्या लांबून दिसत होता. मी बोलणारच होतो. पण म्हटलं, एवढा रॅलीचा माणूस, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं. मागच्या गिऱ्हाइकाला दोनदा टोकलं, तर तो रागावून गेला. म्हणून गप्प बसलो. साहेब तर वेग वाढवत होते."

"तुमची चूक नाही," मी म्हणाले.

त्याच्या माणसांनी जीप आणली. म्हाताऱ्याला, सायकलला आणि रिकाम्या कॅनांना घेऊन ते गावात गेले. जयपालनी सगळी भरपाई करायचं कबूल केलं. इंगवले म्हणाला, ते नंतर बघू साहेब, तुम्ही आधी घरी जा.

मग आम्ही दोघं राहिलो. जयपाल बांधावर बसले होते. त्यांच्या बुटांना दूध लागलं होतं आणि मुंग्या जमायला लागल्या होत्या.

"तो नव्हता, त्रिशला," ते म्हणाले.

मी शेजारी बसले.

"खोटं नाही सांगत. रस्ता होता, बांध होता, ऊस होता. तो नव्हता. आणि मग एकदम होता."

"हं."

"येताना तू किती सांगितलंस? सायकली, ट्रॅक्टर, ती बकरी."

"बरंच."

"मला वाटायचं, मला दिसतंय आणि तू उगीच बडबडतेस." त्यांनी बुटावरच्या मुंग्या झटकल्या. "मी बघत नव्हतोच. ऐकत होतो."

उसाचा एक ट्रॅक्टर आला. त्याला जागा द्यायला आम्ही पाय आत घेतले. 

"शेजारी गप्प होतं," जयपाल म्हणाले. "तो बिचारा इंगवले. मला काही वाटलंच नाही, की तू नाहीस. डावीकडून आवाज नाही, म्हणजे रस्ता मोकळा. पाय आपोआप दाबला गेला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. त्यांच्या डाव्या बाजूला मी होते, आणि मी त्यांना दिसत होते की नाही, मला कळत नव्हतं.

"मिरजेला पण," ते म्हणाले, "मी विचारलं होतं. तू गप्पच होतीस."

त्यात तक्रार नव्हती. आमच्या नियमाप्रमाणे घडलेली गोष्ट ते सांगत होते, आणि नियम दोघांचा होता. प्रयोगशाळेत नमुना बिघडला तर दुसरा घेता येतो. त्या फुटपाथवरचा तो दिवस मी पुष्कळदा पुन्हा मांडून बघितला आहे, आणि तो दरवेळी तसाच निघतो. किल्ली, त्यांचा चेहरा, आणि माझं मिटलेलं तोंड.

ऊन डोक्यावर आलं होतं. जयपाल उठले, पँट झटकली आणि एस्टीमकडे गेले. सवयीने उजव्या बाजूला. दार उघडून त्यांनी आत पाहिलं, सीटला टेकवलेली उशी उचलली, तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि ती मागच्या पिंजऱ्यात ठेवली. मग एक हात दारावर ठेवून त्यांनी दुसरा माझ्यापुढे केला.

"किल्ली."

ती माझ्या मुठीत होती.  मी त्यांच्याजवळ गेले, वाकले, पिंजऱ्यातून उशी काढली आणि पुन्हा सीटच्या पाठीला लावली.

त्यांचा हात तसाच पुढे होता. मिरजेला जसे बघत होते, तसेच ते बघत होते.

"जयपाल," मी म्हणाले. गाडीच्या बाहेर मी त्यांना नावाने कधी हाक मारली नव्हती. "तू डावीकडे बस. यापुढे तू गाडी चालवायची नाहीस."